शंभर बोर्डांच्या मागे सहा दिवस

श्रीगोंदा तालुक्यात माझ्या मामांची विहिरीवरची मोटार दोन वर्षांत तीनदा जळाली. कारण दरवेळी तेच. विजेच्या तीन तारांपैकी एक, म्हणजे एक फेज गेला, उरलेल्या दोन फेजवर मोटार गुरगुरत राहिली आणि मामा बांधावरून पोहोचेपर्यंत वाइंडिंग काळं पडलं. मामेभाऊ तिथेच स्टँडजवळ मोटारी आणि त्या चालू-बंद करणारे स्टार्टर दुरुस्त करतो. मी नाशिकला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आम्ही दोघांनी वर्षभर खपून स्टार्टरसाठी एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार केला. फेज गेला की मोटार बंद, विहिरीचं पाणी तळाला गेलं की बंद, लाइट आली की थोडं थांबून चालू, आणि यातलं काहीही झालं की मोबाइलवर निरोप.

असे स्टार्टर बाजारात मिळतात. पण भावाच्या दुकानात त्यांचा ढीग पडलेला मी पाहिला आहे. आयसीवरचे, म्हणजे चिपवरचे, नंबर घासून टाकलेले, बोर्डावर काळं रसायन ओतलेलं. आत पाच रुपयांचा भाग गेला तरी अख्खा बोर्ड फेकायचा. म्हणून आमची अट एकच होती, की हा बोर्ड तालुक्याच्या ठिकाणी, साध्या सोल्डरगनने दुरुस्त झाला पाहिजे.

पहिले दहा बोर्ड मी घरी केले. ते शेजारच्या शेतकऱ्यांनी पाहिले आणि मागणी शंभरावर गेली. शंभर हा मोठा अडचणीचा आकडा आहे. मोठा कारखाना शंभर नगांसाठी लाइन लावत नाही आणि घरच्या टेबलावर शंभर होत नाहीत. या मधल्या आकड्यावर जगणारे गाळे मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात शेकड्यांनी आहेत. एक फक्त छिद्रं पाडतो, एक फक्त भाग चिकटवतो, एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो. त्यांच्याशी माझी ओळख फोनवरची. या खेपेला फेब्रुवारीत एक आठवडा रजा टाकली आणि कुरियरऐवजी स्वतःच माल घेऊन एका गाळ्यातून दुसऱ्यात जायचं ठरवलं.

पहिला दिवस, सोमवार: लॅमिंग्टन रोड

पहाटे निघून पंचवटीने दादरला उतरले आणि स्लो लोकलने ग्रँट रोडला. इलेक्ट्रॉनिक भागांच्या दुकानांच्या या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव मात्र अजून प्रत्येक बिलावर छापलं जातं. अकराच्या सुमाराला शटर वर जायला लागली.

माझी यादी दीड पानांची होती. शुगर क्यूब रिले (विजेने चालणारा स्विच), व्हॅरिस्टर (विजेचा झटका झेलणारा भाग), ४००७ डायोड, स्क्रूवाले कनेक्टर, कपॅसिटर, कंट्रोलर आयसी, फोर-जी मॉड्यूल. ठरलेल्या दुकानात काउंटरवरचे काका यादी न बघता ऐकत होते आणि पोऱ्या माळ्यावरून डबे खाली देत होता. कपॅसिटरपाशी ते थांबले.

"मॅडम, पंच्याऐंशी देऊ की एकशेपाच?"

म्हणजे ८५ अंश तापमानाला टिकणारा की १०५ अंशांना. दिसायला दोन्ही सारखे, किमतीतला फरक काही पैशांचा. पण आमचा बोर्ड पत्र्याच्या पेटीत बसणार, पेटी पत्र्याच्या शेडमध्ये, आणि शेड मे महिन्यातल्या नगर जिल्ह्यात. तापमान दहा अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडते. काकांनी तो फळा कधी पाहिला नसेल. तरी त्यांनी विचारलं, "ठेवणार कुठे?" मी सांगितलं तसं डबा परत माळ्यावर गेला आणि दुसरा आला.

कंट्रोलर आयसी घेताना काकांनी स्वतःच कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून एका नगावर घासून दाखवला. जुन्या बोर्डावरून काढून नवा नंबर छापलेला माल असेल तर छपाई बोळ्याला लागते. इथली लागली नाही. २०२१ मध्ये जगभर चिपचा तुटवडा होता तेव्हा याच दुकानाने माझ्यासाठी वीस नग जुन्या भावाने बाजूला ठेवले होते. ते मी विसरलेले नाही, आणि नाशिकला बसून दोन रुपये स्वस्त माल दिसला तरी मी इथेच येते त्याचं कारण तेच आहे.

मोबाइलवर निरोप पाठवणारं मॉड्यूल फोर-जीचंच घ्यावं लागलं. गावात बहुतेकांकडे जिओचं सिम, आणि जिओला टू-जी नाही. जुने टू-जीचे स्टार्टर त्या सिमवर मुके राहतात.

पाठीवरची पिशवी जेमतेम पाच किलोंची झाली. यातलं काय आपल्या देशात झालेलं, असं मी रात्री ठाण्याला आत्तेबहिणीकडे बसून मोजलं. कंट्रोलर आणि मॉड्यूल बाहेरचे. छोटे भागही बहुतांश बाहेरचे. हे लपवण्यात अर्थ नाही. पण यापुढे बोर्डावर जे होणार होतं ते सगळं दोनशे किलोमीटरच्या आत होणार होतं.

दुसरा दिवस, मंगळवार: महापे

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोली आणि पुढे रिक्षा. महापेच्या एमआयडीसीत एक भाग इलेक्ट्रॉनिक्ससाठीच राखलेला आहे. प्लॉटच्या नंबरांआधी 'ईएल' लागतं. तिथे इलेक्ट्रॉनिक सदन नावाच्या इमारती आहेत, एकेका मजल्यावर ओळीने गाळे.

माझे पीसीबी, म्हणजे भाग बसवण्याआधीचे कोरे बोर्ड, दहा दिवसांपूर्वी टाकले होते, आज उचलायचे होते. मालक म्हणाले, आलाच आहात तर बघून जा. तांब्याचा पातळ थर दिलेला १.६ मिलिमीटर जाडीचा हिरवट-पिवळा एफआर-४ चा, म्हणजे काचेच्या धाग्यांचा पत्रा. आधी त्यात छिद्रं. छिद्रांच्या आतून तांबं चढवायचं, म्हणजे वरची आणि खालची बाजू जोडली जाते. मग फिल्म चिकटवून नक्षी उठवायची आणि नको असलेलं तांबं रसायनाने खाऊन टाकायचं. उरतात त्या रेषा, जाडी साधारण ३५ मायक्रॉन. त्यावर हिरवं मास्क, त्यावर पांढरी छपाई, शेवटी उघड्या तांब्यावर कथिलाचा थर. आमच्या बोर्डावर ४१५ व्होल्टच्या रेषांमध्ये मुद्दाम एक चीर पाडलेली आहे. दमट हवेत धूळ साचली तरी ठिणगीने वाट काढू नये म्हणून.

मागच्या दाराशी सांडपाण्याची टाकी. पाण्यात विरघळलेलं तांबं खाली बसवल्याशिवाय ते बाहेर सोडता येत नाही. तिथला वास अजून ओढणीला आहे. हे काम प्रत्येक तालुक्यात व्हावं असं मला वाटत नाही. छोट्या गाळ्यांवर माझं कितीही प्रेम असलं तरी विहिरीच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात हे पाणी नको. साखळीतल्या काही कड्या एका जागीच ठेवाव्यात, नीट देखरेखीखाली.

दहा पॅनल, एकेकात दहा बोर्ड. वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. चलन फाडलं, चहा झाला, वाशीहून पुण्याची एसटी धरली.

तिसरा दिवस, बुधवार: भोसरी

सकाळी साडेआठला भोसरीच्या एमआयडीसीत शिरले तेव्हा फर्स्ट शिफ्टची गर्दी ओसरत होती. इथेही इलेक्ट्रॉनिक सदन आहेच. ज्या गाळ्यात मी दिवस काढला तो शाळेच्या एका वर्गाएवढा. मालक मोठ्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडलेले, साठीच्या पुढचे. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम.

आत शिरताच डाव्या हाताला घरगुती फ्रिज. त्यात सोल्डर पेस्टचे डबे. माझ्या कामाचा डबा सकाळी सहालाच बाहेर काढून ठेवला होता. थंड डबा उघडला तर हवेतला ओलावा पेस्टीत उतरतो आणि भट्टीत बारीक गोळ्या उडतात. पेस्ट स्टेन्सिलवर, म्हणजे छिद्रांच्या पातळ पत्र्यावर, ओतून पट्टीने ओढली की बोर्डावर करड्या ठिपक्यांची रांगोळी उमटते. मग ते पिक-अँड-प्लेस मशीनमध्ये जातं. मशीन जुनं विकत घेतलेलं. रिळांमधून तांदळाच्या कणीएवढे भाग हवेने उचलून त्या ठिपक्यांवर ठेवतं. नंतर भट्टी. शिसं-कथिलाचं हे मिश्रण १८३ अंशांना वितळतं, भट्टी त्याच्या थोडी वर नेऊन हलकेच खाली आणतात. बोर्ड बाहेर येतो तेव्हा प्रत्येक ठिपका चांदीसारखा.

मशीनने शंभर बोर्ड भरायला तास-सव्वा तास घेतला. त्याआधीची तयारी अडीच तासांची. रिळं लावा, प्रत्येकाची जागा मशीनला शिकवा, पहिला बोर्ड भिंगाखाली तपासा. मोठ्या कारखान्याला शंभर नग परवडत नाहीत ते या अडीच तासांमुळे. सरांना परवडतात, कारण त्यांची रोजची कामं अशीच पन्नास ते पाचशेतली आहेत आणि तयारीचा हात त्यांना बसला आहे. भाव पॉइंटवर, म्हणजे सोल्डरचे जितके जोड तितके पैसे, तयारीचे वेगळे.

अकराच्या सुमाराला एक फीडर, म्हणजे रिळातून भाग पुढे सरकवणारा मशीनचा तुकडा, अडकला. दुरुस्तीला वेळ नव्हता. सरांनी मुलाला समोरच्या विंगमध्ये पाठवलं. तिथल्या गाळ्यात तेच मशीन आहे, आणि धंद्याने ते यांचे प्रतिस्पर्धी. मुलगा दहा मिनिटांत त्यांचा फीडर घेऊन आला. कागद नाही, भाडं नाही. मी विचारलं तर सर म्हणाले, "गेल्या महिन्यात त्यांचं स्टेन्सिल फाटलं, तेव्हा आमच्याकडे ओढून नेलं."

त्या इमारतीतून आणि आजूबाजूच्या ब्लॉकमधून दिवसभरात जे फिरताना पाहिलं ते सांगते. एक मुलगा स्कूटरवर पुढे क्रेट ठेवून चालला होता, त्यात अर्धवट भरलेले बोर्ड, दुसरीकडे डिप सोल्डरिंगला. छोट्या हत्तीत पावडर कोटिंगहून आलेले पत्र्याचे डबे. कुणाकडे स्क्रीन प्रिंटिंग, कुणाकडे फक्त वायरिंगचे हार्नेस. कुठल्याही एका गाळ्यात पूर्ण वस्तू होत नाही. कारखाना आहे, पण त्याच्या भिंती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या आहेत, आणि एका खात्यातून दुसऱ्यात माल जातो तो चलनबुकावर. जीएसटीच्या नियमाने जॉबवर्कला दिलेला माल वर्षाच्या आत परत यायला हवा. इथे तो बहुधा संध्याकाळपर्यंत परत येतो.

दुपारनंतर हातकामाच्या टेबलावर बसले. चार बायका. रिले, डायोड, कनेक्टर असे पाय असलेले भाग त्या हाताने खोचतात, मग सोल्डर पॉटमध्ये, म्हणजे वितळलेल्या सोल्डरमध्ये, डिप, मग पाय कापणं आणि टच-अप. सगळ्यांत थोरल्या मावशी मूळच्या लातूरकडच्या. या टेबलावर त्यांना चौदा वर्षं झाली. तिसरा बोर्ड भरताना त्यांनी हात थांबवला.

"मॅडम, ह्यो डायोड उलटा छापलाय का?"

मी पाहिलं. रिलेच्या कॉइलला समांतर बसणारा तो डायोड. कॉइल बंद होताना उलटा झटका देते, तो गिळण्यासाठी. त्याच्या अंगावरची पट्टी प्लसकडे हवी. माझ्या छपाईत ती ट्रान्झिस्टरकडे होती. तसाच बसवला असता तर पहिल्यांदा रिले लागताच डायोडमधून सरळ वाट मिळाली असती आणि ट्रान्झिस्टर गेला असता. शंभरच्या शंभर. घरच्या दहा बोर्डांत मी डायोड सवयीने बरोबर बसवले होते, छपाई पाहिलीच नव्हती. तीच फाइल मी पुढे पाठवली. चूक पूर्ण माझी होती.

मावशींना सर्किट वाचता येत नाही. त्यांनी सांगितलं ते असं: "रिलेपाशी पट्टी कायम या अंगाला असती. इतक्या वर्षांत दुसरीकडं नाही बघितली." मी गप्पच झाले. वर्गात मी हे नियम शिकवते, त्यांच्या बोटांना ते चौदा वर्षांत कळलेले आहेत. भरलेले तीन बोर्ड त्यांनी सोडवले, मी कागदावर मोठ्या अक्षरात 'पट्टी उलटी बसवणे' लिहून टेबलासमोर चिकटवलं आणि काम पुढे सुरू झालं. शिकवताना आता मी या टेबलाबद्दल सांगणार आहे. ज्या मुलींना आपण 'हेल्पर' म्हणून हजेरीवर लिहितो त्यांच्याकडे काय असतं ते माझ्या विद्यार्थ्यांना कळलं पाहिजे, आणि त्यांच्या पगारातही ते दिसलं पाहिजे.

शेवटी प्रत्येक बोर्डावर पारदर्शक लॅकरचा हात. शेडमधल्या पेटीत पाली शिरतात, त्यांच्या अंगाने दोन फेज जुळले की बोर्ड जातो. काळं रसायन ओतूनही हेच साधतं, पण लॅकरमधून सोल्डरगन आरपार जाते. साठ बोर्ड संध्याकाळी झाले. बाकीचे शुक्रवारी सकाळी घ्या, असं ठरलं.

चौथा दिवस, गुरुवार: धायरी

गुरुवार म्हणजे पुण्यात देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा दिवस. नांदेड फाट्यापासून धायरी-नऱ्ह्यापर्यंत छोट्या कारखान्यांची दाटी आहे, आणि आज त्यातले कितीतरी गाळे अंधारात. ट्रान्सफॉर्मरवाल्यांच्या गाळ्यात दार उघडून उजेड घेतला होता.

आमचा ट्रान्सफॉर्मर बोर्डावर बसत नाही, पेटीला दोन स्क्रूंनी बसतो. ४१५ आत, १२ बाहेर. जळाला तर भाऊ दहा मिनिटांत बदलेल. प्रायमरीचे हजारो वेढे काल मशीनवर झाले होते. सेकंडरीचे थोडे वेढे मालकांचे वडील हँडलच्या जुन्या मशीनवर देत होते. विजेची गरज नाही. एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार, आणि छोट्या खिडकीत आकडे पुढे सरकताना. मग 'ई' आणि 'आय' आकाराच्या पत्र्याच्या स्टॅम्पिंग एकाआड एक बॉबिनमध्ये खोचायच्या. व्हार्निशनंतर सुकवायला भट्टी लागते, ती आज बंद. ऐंशी तयार होते, वीस राहिले.

वीज नसल्यामुळे गप्पा झाल्या, आणि त्या पैशांकडे वळल्या. मालकांनी एक वही उघडून दाखवली. एका मोठ्या कंपनीचं बिल चार महिने अडकलेलं. २००६ च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्याने माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. तक्रारीसाठी सरकारचं पोर्टलही आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक पेच घातला, की मुदतीत पैसे दिले नाहीत तर देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची प्राप्तिकरात वजावट नाही.

"मग व्याज मागितलंत?" मी विचारलं.

"मागितलं तर व्याज मिळेल. पुढची ऑर्डर नाही मिळणार."

याच वहीत मागे भोसरीचे, नऱ्ह्याचे, पर्वती इंडस्ट्रियल इस्टेटमधले गाळे होते. तिथले आकडे लहान, आणि बहुतेक पंधरवड्यात खोडलेले. एकमेकांचे पैसे हे लोक थांबवत नाहीत. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त पैसा तो सगळ्यात उशिरा देतो आणि त्याचं व्याज हँडल फिरवणारे म्हातारे हात भरतात. मला याचा राग येतो. कायदा आहे तर तो वापरायची भीती का वाटावी? तक्रार एकेकट्याने न करता संघटनेने करावी, असं माझं मत मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

पेट्या शेजारच्याच गाळ्यात तयार होत्या. झाकणाच्या आत स्टिकर लावलेला, कुठला भाग कुठे बसतो त्याचं चित्र आणि प्रत्येकाचा नंबर. ही कल्पना भावाची. जीप भाड्याने सांगून माल भरला. उरलेले वीस ट्रान्सफॉर्मर शनिवारी एसटीच्या पार्सलने येतील.

पाचवा दिवस, शुक्रवार: पाबळ

भोसरीहून चाळीस बोर्ड घेतले आणि राजगुरुनगरवरून पाबळकडे वळलो. रस्ता उजाड होत जातो. बाजीराव पेशव्यांच्या मस्तानीची कबर याच गावात आहे.

मी आले होते ते विज्ञान आश्रमासाठी. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी मागे ठेवून १९८३ मध्ये या दुष्काळी गावात ही संस्था सुरू केली. शाळेत न रमलेल्या मुलांनी हाताने काम करत शिकावं आणि शिकता शिकता गावाला लागेल ते करून द्यावं, हा त्यांचा विचार. वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेचं काम, सगळं एकाच मुलाच्या हातून. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, आली. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब म्हणून पाबळचं नाव घेतलं जातं. आज अशा लॅब जगभर पसरल्या आहेत आणि एकीने केलेल्या वस्तूचा आराखडा दुसरीला फाइलने पाठवता येतो. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले. त्यांना ही पसरण पाहायला मिळाली नाही याची हळहळ वाटते.

शंभर बोर्ड एकेक करून तपासायचे तर दोन दिवस गेले असते. त्यासाठी इथे एक जिग, म्हणजे बोर्ड झटपट तपासायचा साचा, करायचा होता. लेझर कटरवर ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या कापल्या. त्यात स्प्रिंगच्या पिना अशा बसवल्या की बोर्ड वर ठेवून दाबला की पिना नेमक्या जागी टेकतात. त्यामागचं छोटं सर्किट मिलिंग मशीनवर कोरलं. रसायन नाही, सांडपाणी नाही. एक इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढी पातळ अग्र असलेलं पातं नको असलेलं तांबं खरवडून काढतं. त्यासाठी काचेचे धागे असलेला एफआर-४ घेत नाहीत, त्याची धूळ छातीला वाईट आणि पातंही लवकर बोथट होतं. कागदाचा एफआर-१ घेतात. महापेत मंगळवारी जे पाहिलं ते हजारोंसाठी, हे एकासाठी. दोन्हीची जागा मला या दोन दिवसांत स्पष्ट झाली.

मशीन चालवत होती सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी, साताऱ्याकडची. दहावीनंतर घरी बसली होती, असं तिने सांगितलं. पातं शून्यावर आणताना ती बोर्डाखाली कागदाचा कपटा ठेवून ओढून बघत होती. कागद अडला की थांबायचं. हे तिला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "दोन पाती मोडली, मग कळलं." पाती मोडू देणारी शाळा आमच्या पॉलिटेक्निकला अजून जमलेली नाही. आमच्याकडे मशीनला कुलूप असतं.

संध्याकाळपर्यंत जिगवर शंभर बोर्ड झाले. शहाण्णव पहिल्या फटक्यात पास. दोनांत सोल्डर कच्चं, एकात रेझिस्टरच बसला नव्हता, एकात रेष तुटलेली. पहिले तिन्ही आम्ही तिथेच दुरुस्त केले. तुटलेल्या रेषेचा बोर्ड मी त्या मुलीजवळ ठेवला, तिला उघडून बघायचा होता.

सहावा दिवस, शनिवार: श्रीगोंदा

शिक्रापूरला नगर रस्ता लागला. पुढे रांजणगाव. इथल्या तिसऱ्या टप्प्यात २०२२ मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचं क्लस्टर मंजूर केलं, २९७ एकर, ४९२ कोटींचा प्रकल्प. अशा कारखान्यांची देशाला गरज आहे, त्याबद्दल मला शंका नाही. लाखो फोन गाळ्यांत होणार नाहीत. पण या आठवड्यात मी ज्यांच्याकडे बसले त्यांच्या गाळ्यासाठी एक सामाईक भट्टी, एक सामाईक चाचणी केंद्र, गुरुवारीही चालणारी वीज, एवढं मिळालं तर किती काम उभं राहील हा हिशेब जीपमध्ये बसून माझ्या डोक्यात चालूच राहिला.

शिरूरला घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा. अकराला मामांच्या मळ्यात पोहोचलो. लिंबोणीची बाग, कडेला कांदा. मामी म्हणाल्या, आधी जेव. मामा म्हणाले, आधी पेटी लाव.

या आठवड्यात शेतीची वीज दिवसाची होती, आठ तास. पुढच्या आठवड्यात रात्रीची, दहा तास. भावाने जुना स्टार्टर उतरवला आणि नवी पेटी भिंतीला मारली. सुरू करण्याआधी त्याने मामांना थांबण्याचं कारण समजावलं. लाइट येताच मोटार उचलणारे ऑटो स्विच काढून टाका असं महावितरण कायम सांगतं, कारण एका डीपीवरच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या की डीपीच जळतो. आमच्या बोर्डात प्रत्येकाचं थांबणं वेगळं आहे. बोर्डाच्या नंबरावरून ते ठरतं, एक मिनिटापासून सहापर्यंत. मामांचं चार मिनिटं. मामा घड्याळाकडे बघत उभे राहिले. चार मिनिटांनी रिलेचा टक आवाज आला आणि पाइपात पाणी चढलं.

मग भावाने पॅनलमधली एका फेजची किटकॅट, म्हणजे फ्यूज, ओढली. मोटारीचा आवाज जड झाला आणि तिसऱ्या सेकंदाला बंद. मामांच्या खिशातला फोन वाजला. ते काही बोलले नाहीत. किटकॅट परत लावायला लावली, पुन्हा काढायला लावली, पुन्हा फोन वाजू दिला.

जेवणानंतर भाऊ दुकानात पेट्या मांडत होता. तालुक्याच्या चार बाजूंना चार दुरुस्तीवाले आहेत, प्रत्येकाकडे वीस पेट्या आणि सुट्या भागांचं एकेक पाकीट द्यायचं. पाच व्हॅरिस्टर, तीन रिले, एक ट्रान्सफॉर्मर. वीज पडून व्हॅरिस्टर गेला तर शेतकऱ्याला श्रीगोंद्यापर्यंतही यायला लागू नये. उरलेल्या पेट्या त्याच्या स्वतःच्या दुकानात. बोलता बोलता त्याने एक झाकण उघडून आतलं चित्र बोर्डाशेजारी धरलं.

"ताई, हा डायोड बोर्डावर असा आहे आणि चित्रात असा."

स्टिकर त्याच फाइलवरून छापले होते. भोसरीला बोर्ड सुधारले गेले, झाकणं नाही. उद्या एखाद्याने चित्र पाहून डायोड बदलला असता तर मावशींनी वाचवलेला ट्रान्झिस्टर इथे गेला असता. भावाने दुकानातून काळा मार्कर आणला, मी बाहेरून दुसरा घेतला. शटरसमोर सतरंजी टाकून आम्ही बसलो. तो झाकण उघडून पुढे सरकवत होता, मी जुनी पट्टी खोडून योग्य बाजूला नवी काढत होते. पार्सलची गाडी साडेपाचला आली तेव्हा बत्तीस झाली होती.